सिल्लोडच्या स्टँडवर

छत्रपती संभाजीनगर,
६ नोव्हेंबर २०२५

साळूमावशी,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुम्ही ओळखलं असेल. अण्णा म्हणायचे, तनूच्या वहीत मुंग्या पळतात. अजून तशाच पळतात.

आधी फोन केला होता. तुमच्या भाच्यानं, पुंडलिकनं उचलला. म्हणाला, "आत्याला आता फोनवर नीट ऐकू येत नाय." मला ते सगळंच खरं वाटलं नाही, पण मी वाद घातला नाही. पत्र वाचायला कान लागत नाहीत.

मी इथं आलेय. तुमचा जावई पाओलोही आहे. स्टेशन रोडवर हॉटेलात उतरलोय. इतक्या वर्षांनी या गावात हॉटेलात उतरताना कसंतरीच झालं. पण उतरणार तरी कुठं? सिडकोतलं घर विकून तुम्ही अजिंठ्याला भावाकडं गेलात. काल संध्याकाळी मी तिथल्या एन-सहा भागात जाऊन आले. आपल्या घरावर दोन मजले चढलेत आणि खाली मुलांची शिकवणी चालते. बिल्किसआपांचं घर मात्र होतं तसंच आहे, हिरव्या दारासकट. त्या आता पुण्याला मुलाकडं असतात म्हणे. कोपऱ्यावर सीताफळाच्या पाट्या लागल्या होत्या. मी किलोभर घेतली. पाओलोला वाटलं, लगेच खायची. त्याला सांगितलं, आधी गव्हाच्या कोठीत पुरायची, रोज दाबून बघायची, आणि कुणी चोरून दाबलं तर मावशीला बोटांच्या खुणांवरून कळतं.

तुमची वेणी आठवली. म्हणजे तुम्ही न घातलेली वेणी. अण्णांशी लग्न होऊन तुम्ही आमच्या घरी आलात तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आईला जाऊन वर्ष झालं होतं. अण्णा म्हणाले, "ही तुझी साळूमावशी." मी तुम्हाला केसाला हात लावू दिला नाही. शाळेची वेळ झालेली, केस मोकळे, अण्णा चिडलेले. तुम्ही काही न बोलता कुंपणापाशी गेलात आणि हाक मारली, "बिल्किसआपा, जरा पोरीची वेणी घालून देता का?" आपा म्हणाल्या, "आ गे तनू, इधर बैठ." त्यानंतर कितीतरी महिने मी वेणीला तिकडं जायची, आणि तुम्ही रोज रिबिनी धुऊन, इस्त्री करून त्यांच्याकडं नेऊन ठेवायचात. मला वाटायचं, रिबिनी आपांच्याच आहेत.

अण्णा गेले तेव्हा विमानं बंद होती. हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी काही महिन्यांनी मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता कशाला येती? बघायला काय ऱ्हायलंय?" आणि ठेवून दिलात. त्यावर मी काय बोलणार होते? तुम्ही एकटीनं सगळं निभावलंत, त्या दिवसांत खांदा द्यायलाही माणसं मिळत नव्हती. तुम्हाला कुणावर तरी रागवायलाच हवं होतं.

आता कशासाठी आलोय ते सांगते. आम्ही एक मुलगी दत्तक घेतोय. मोनिका तिचं नाव. नऊ वर्षांची आहे. हर्सूलच्या बाजूला एका बालगृहात असते. कितीतरी काळ इटलीतून कागद चालले होते, आता शेवटच्या सह्यांसाठी बोलावलंय. सगळं छान चाललंय.

थंडी पडायला लागलीय. गुडघ्याला तेल लावत जा.

तनुजा


छत्रपती संभाजीनगर,
१४ नोव्हेंबर २०२५

साळूमावशी,

सगळं छान चाललंय असं मागच्या पत्रात लिहिलं. तसं नाहीये. पोर मोकळी बोलत नाही हे तेव्हाही खुपत होतं, पण वाटलं, इतक्या वर्षांनी तोंड उघडायचं आणि लगेच रडगाणं कशाला. पण आता तुमच्याशिवाय कुणाला विचारावं ते कळत नाही.

मोनिकाशी आम्ही सहा-सात महिने फोनवर बोलत होतो, चेहरा दिसतो त्या फोनवर. मी विचारायचे, जेवलीस का, अभ्यास झाला का. ती "व्हय" म्हणायची. इटलीला येशील का? "व्हय." मला वाटलं, लाजते. समोर भेटली तेव्हाही तसंच. लांब हातापायांची, सावळी, अंगावर धुतलेला फ्रॉक. माझ्याकडं न बघता माझ्या चपलांकडं बघत होती. पाओलोनं मराठी पाठ केली होती. छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी चांगली आहे!" सगळ्या पोरी खिदळल्या. मोनिकाही हसली, आणि मग तिनं त्याला हळूच दुरुस्त केलं, "चांगला." तेवढ्यावर मी रात्रभर खूश होते.

परवा जिल्हाधिकारी कार्यालयात बोलावणं होतं. मूल मोठं असलं की त्याला विचारल्याशिवाय हुकूम निघत नाही. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या. आम्हाला बाहेर बसवलं, मोनिकाला शेजारी घेतलं. दार उघडंच होतं. त्यांनी विचारलं, "बाळा, तुला यांच्याबरोबर जायचंय ना?"

"नाय," मोनिका म्हणाली.

"का गं? आवडत नाहीत का हे?"

"आवडत्यात."

"मग?"

"मी गेले तर आजी मला कुठं हुडकंल?"

मावशी, मी खुर्चीवरून उठले आणि परत बसले. पाओलोला शब्द कळला नाही, पण माझं तोंड बघून त्यानं माझा हात धरला.

आशाबाई म्हणून तिथल्या काळजीवाहक आहेत, मोनिका त्यांच्याच खोलीत वाढलीय. त्यांनी नंतर आम्हाला नीट सांगितलं. मोनिका सहा वर्षांची असताना तिची आजी तिला घेऊन सिल्लोडच्या स्टँडवर आली. दोघी गावोगाव कापूस वेचत हिंडायच्या. आईबाप पोरीला आठवत नाहीत. आजीनं तिला बाकड्यावर बसवलं आणि म्हणाली, "हितंच बस, पानी घेऊन आलेच." पोरगी बसली. जागची हलली नाही, लघवीला म्हणूनही उठली नाही. दिवस मावळल्यावर एका कंडक्टरच्या लक्षात आलं. पोलिसांनी शोध घेतला, पेपरात फोटो दिला, कुणीच आलं नाही. गावाचं नाव तिला सांगता येईना. आजीचं नाव विचारलं तर म्हणे, "आजी."

"फोनवर व्हय म्हणायची कारण तिला वाटलं नाही तुम्ही खरंच याल," आशाबाई म्हणाल्या. "इथं लई लोक येतो म्हणतात. तिच्या मनात एकच. आजी आली, तर सिल्लोडवाले तिला इथला पत्ता देतील. इटलीचा कोण देणार?"

मॅडमनी आम्हाला पुढची तारीख दिली. घाई करू नका म्हणाल्या, पोरीचं मन झालं पाहिजे. नाहीच झालं तर आम्ही परत जाणार आणि ती राहणार. आणखी काही वर्षांनी तिला कुणी नेणारही नाही. मोठ्या पोरींना कोण नेतं?

मी तिला काय सांगू? तुझी आजी येणार नाही असं? ते मला तरी कुठं ठाऊक आहे? आणि ठाऊक असतं तरी माझ्या तोंडून तिनं का ऐकून घ्यावं? तुम्हीही अशाच एका नऊ वर्षांच्या पोरीच्या घरात आला होतात, जिला तुम्ही नको होतात. तेव्हा तुम्ही काय केलंत ते मला सांगा. मी आठवून बघतेय, पण मला फक्त रिबिनी आठवतात.

तनुजा


अजिंठा,
१८ नोव्हेंबर

तनू,

दोन्ही पत्रं मिळाली. फोनचं पुंडलिक खरं बोलला. डावा कान गेलाच हाय. उजव्यानं ऐकू येतं, पण तुझा आवाज ऐकला की मला तुझे अण्णा आठवतात, म्हनून घेत नव्हते. राग होता. आता किती हाय ते मी बघितलं नाय.

तू इचारती मी काय केलं. मी काय बी केलं नाय. तू शाळेतून आली की खिडकीत बसायची. शेजारपाजारच्या म्हणायच्या, हिला सांगून टाका एकदा, तिची आई मेली. तुला कुनी घाटी दवाखान्यात नेलं नव्हतं, तू बघितलं नव्हतं, तर तुला कसं पटावं? म्हनून मी नाय सांगितलं. तू वाट बघत होती, मी बघू दिली. माझं काय जात होतं? एक दिवस तू आपसूक भाकर मागायला सैपाकघरात आली. त्याला लई दिवस लागले. तुझ्याजवळ तेवढे दिवस नाहीत हे मला समजतं.

पोरीला आजीचं काही बी सांगू नको. तिला सिल्लोडला घेऊन ये. जिथं बसली होती तिथं बसू दे. तीन वर्सं झाली, तिला कुनी तिथं परत नेलंय का? बाजाराच्या दिवशी मी येते. पुंडलिक सोडंल मला. परवानगी काढून ये, आन् त्या आशाबाईला संगं घे. पोरगी त्यांची सवयीची हाय.

तुझा नवरा आला तर त्याला म्हणावं, पानी बाटलीतलंच पी.

साळूमावशी

सीताफळं कोठीत नाय, जोंधळ्यात पुरायची. गव्हात काळी पडत्यात. इसरली का?


छत्रपती संभाजीनगर,
२३ नोव्हेंबर २०२५

साळूमावशी,

काल तुम्ही होतातच, तरी लिहितेय. काही गोष्टी तुम्ही येण्याआधी झाल्या, काही तुमची जीप गेल्यावर. आणि तुमच्यासमोर मला फार बोलता आलं नाही. तुम्हाला इतक्या दिवसांनी पाहिलं आणि तुम्ही एवढ्याशा झाला होतात. तुम्ही माझ्या पाठीवरून हात फिरवलात आणि म्हणालात, "केस पांढरे झाले की गं तुझे." मी पुढचं सगळं विसरले.

संस्थेनं परवानगी दिली. आम्ही मुद्दाम एसटीच्या लाल गाडीनंच गेलो, मोनिकाला तीच हवी होती. हर्सूलपासून तिनं खिडकी सोडली नाही. आशाबाईंना विचारत होती, "आजी तिथं असंल का?" आशाबाई माझ्याकडं बघायच्या. मी म्हणाले, "मला माहीत नाही. जाऊन बघू." मी तिला पहिल्यांदा असं काही बोलले की ज्यावर तिनं माझ्या तोंडाकडं वळून बघितलं.

स्टँडवर उतरल्याबरोबर तिनं बाकडं ओळखलं. त्यावर मक्याची पोती घेऊन दोघं बसले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. आशाबाईंनी विनंती केली तसे ते उठले. मोनिका बसली, पाय जुळवून, हात मांडीवर. मी शेजारी बसायला गेले तर तिनं नको म्हणून मान हलवली. मग आम्ही तिघं समोरच्या कठड्यापाशी उभे राहिलो. पाओलोनं पेरू आणले, तेही तिनं घेतले नाहीत. गाड्या येत होत्या, जळगाव, भोकरदन, कन्नड. दर गाडीला ती उतरणाऱ्या प्रत्येक बाईचं तोंड बघायची. पाओलो म्हणाला, "तनुजा, आपण हे तिला का करायला लावतोय?" तुमच्यावर मी तेव्हा मनातून चिडले होते, हे आता सांगून टाकते.

मग तुम्ही आलात. मला भेटलात, पाओलोकडं बघून मान डोलावलीत, आणि सरळ जाऊन तिच्या शेजारी बसलात. तिनं तुम्हाला मान हलवली नाही. मला वाटतं, म्हातारी बाई शेजारी बसल्याचं तिला बरं वाटलं. तुम्ही दोघी काय बोललात ते मला गाड्यांच्या आवाजात ऐकू आलं नाही. फक्त एवढं दिसलं की आधी तिनं बोटानं कपाळ दाखवलं, मग पाय. मग तुम्ही उठलात, तिला घेऊन कंट्रोलरच्या खिडकीशी गेलात, रसवंतीवाल्याकडं गेलात, बांगड्यांच्या गाड्यावरच्या बाईकडं गेलात. परत बाकड्यावर येऊन बसलात, तेव्हा ती पेरू खात होती.

काय बोलणं झालं ते तिनं मला परतीच्या गाडीत सांगितलं. आपणहून सांगितलं, मावशी. म्हणाली, "त्या आजीनं मला इचारलं, तुझी आजी वळखायची कशी? मी म्हणले, कपाळावर गोंदलंय आन् डाव्या पायानं लंगडती. तर त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलं, माझ्या ध्यानात ऱ्हाईल."

"मग?"

"मग म्हणाल्या, मी अजिंठ्याची हाय, दर बाजाराला हितं येते. तू शाळेत जा, तुझ्या जागेवर मी बसते. तुझी आजी आली तर मी तिला सांगते, पोरगी चांगल्या घरी हाय, आन् तुमचा फोन लावून देते."

जीपमध्ये बसताना मी तुम्हाला हळूच म्हणाले होते, मावशी, ती बाई बहुतेक या जगातच नसेल, पोरीला कशाला आशा लावलीत. तुमचं उत्तर मी तेव्हा नीट ऐकलं नाही, रात्रभर ऐकत बसले. "ती येनार हाय असं मी कुठं म्हणले? मी बसनार हाय म्हणले. आन् मी बसनार हाय."

गाडी फुलंब्रीच्या पुढं आली तेव्हा मोनिका झोपली. आधी आशाबाईंच्या खांद्यावर होती. मग वळणावर डोकं घसरलं ते पाओलोच्या दंडावर आलं. त्यानं शहर येईपर्यंत हात हलवला नाही. उतरल्यावर त्याला बोटं मिटता येईनात.

उद्या पुन्हा कार्यालयात बोलावलंय. ती काय म्हणेल, मला ठाऊक नाही. मी तिला विचारलेलं नाही.

तनुजा


२४ नोव्हेंबर

मावशी, कालचं पत्र अजून टाकलंच नव्हतं, म्हणून त्याच पाकिटात.

मॅडमनी विचारलं, "जायचं का बाळा?" मोनिका पाओलोकडं बोट दाखवून म्हणाली, "व्हय. पण ह्यांना मराठी येत नाय, मला शिकवावं लागंल." मॅडम हसल्या. बाहेर आशाबाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि वर आम्हालाच रागवत होत्या, "रडता काय, पेढे आणा."

पासपोर्ट आणि बाकीचे कागद व्हायला थोडा वेळ लागेल. पाओलोला कामामुळं परत जावं लागणार, मी थांबतेय. तोवर अजिंठ्याला एक चक्कर मारू का? तुम्ही नको म्हणालात तरी येणार आहे.


तुरीन,
१५ मार्च २०२६

साळूमावशी,

तुमच्याकडं काढलेले ते चार दिवस अजून इथं पुरताहेत. मोनिका शाळेत जायला लागली. पहिले काही दिवस डबा तसाच परत आणायची. आता एका रोमानियाच्या मुलीशी गट्टी जमलीय. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही आणि दोघी अखंड बोलतात. बर्फ पाहून तिनं विचारलं, "कापूस एवढा सांडला कुणी?" पाओलोला रोज संध्याकाळी मराठीचा धडा असतो. चूक झाली की उभं राहावं लागतं. मला ती अजून "ओ" म्हणते. "ओ, ऐका ना." मला चालतं. मी तरी तुम्हाला पहिली दोन वर्षं कुठं हाक मारली होती?

केस मात्र ती माझ्याकडून विंचरून घेते. इथं शेजारी बिल्किसआपा नाहीत, म्हणून असेल.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काल पुंडलिकचा फोन आला. म्हणाला, तनुताई, आत्याला तुम्हीच सांगा, आमचं ऐकत नाय. दर बाजाराला सिल्लोडला जाते, भाजी घेत नाय, काय नाय, सकाळपासून स्टँडवर बसते. ऊन लई वाढलंय. मागच्या खेपेला चक्कर आली, रसवंतीवाल्यानं पाणी मारलं, तरी शेवटच्या गाडीपर्यंत उठली नाय. म्हणे, पोरीला शब्द दिलाय.

मी स्वयंपाकघरात बोलत होते. मला वाटलं, मोनिका आत अभ्यास करतेय. वळून बघते तर दारात उभी. सगळं ऐकलं होतं तिनं.

मी काही बोलायच्या आत म्हणाली, "त्या खरंच बसत्यात?"

"हो."

"दर बाजाराला?"

"हो, बाळा."

मला वाटलं, आता विचारेल, आजी आली का. नाही विचारलं. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "तुम्ही पत्र लिवा. मी सांगते तसं लिवा."

तिनं सांगितलं तसं लिहितेय, एकही शब्द माझा नाही:

"साळूआजी, तुम्ही आता घरी ऱ्हा. मे महिन्यात आमच्या शाळंला सुट्टी नाय, जूनमधी हाय, तवा आम्ही येनार हाय. मग आपण सगळे जाऊ, पाओलोला पन नेऊ. तवर एकट्यानं बसू नका. एकट्यानं बसलं की लई वेळ लागतो."